जांभळ्या बिबड्या

आंबलेल्या ज्वारीच्या पातेल्यात ज्याने कधी तोंड घातलं नाही, त्याने मला चुकांवर व्याख्यान देऊ नये. मुलीच्या शाळेने मध्यंतरी पालकांसाठी असं एक व्याख्यान ठेवलं होतं. सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळचा हॉल, एसी इतका की अंगावर शाल हवी, आणि स्टेजवर एक गृहस्थ गालाला माइक चिकटवून इकडून तिकडे फिरत होते. "गलती आपकी गुरू है," ते म्हणाले. "गलती को गले लगाइए." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला शिसारी आली. माझी चूक मी या हातांनी डब्यातून काढली आहे. ती हिरवी होती आणि तिला लव फुटली होती. तिला गळ्याशी कुठे धरायचं, हे त्या गृहस्थांनी सांगितलं नाही.

आम्ही धुळ्याकडचे. लग्न होऊन सुरतेच्या उधन्यात आले तेव्हा मला वाटलं होतं, गाव सुटलं म्हणजे वाळवणं सुटली. तसं काही नव्हतं. आमच्या सोसायटीत अर्ध्याहून जास्त घरं खानदेशातली, पुरुष लूमवर नाहीतर मिलमध्ये, आणि उन्हाळा लागला की बायका गच्चीवर. इतर ठिकाणचे लोक पापड-कुरडयांवर भागवतात. आम्हाला बिबड्या लागतात. ज्वारी भिजवायची, ती आंबेपर्यंत ठेवायची, भरडायची, मग लसूण, मिरची, जिरं, तीळ घातलेल्या उकळत्या पाण्यात तिचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच हाताने थापून कापडावर वाळत घालायचा. वाळलेली बिबडी विस्तवावर भाजून शेंगदाण्यांबरोबर खाल्ली की आमच्याकडचा माणूस बाकी सगळं विसरतो. पण ती होईपर्यंत घरात जो वास असतो, तो उलटीच्या अगदी जवळचा असतो. पहिल्या वर्षी मी नाकाला पदर लावून ज्वारी उपसली होती आणि सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या होत्या.

हे काम एकटीचं नव्हे. घाटा थंड व्हायच्या आत थापून व्हायला हवा, म्हणून दहा-बारा बायका लागतात. आमच्याकडे त्यासाठी सावड असते. आज सगळ्या तुझ्या गच्चीवर, उद्या माझ्या. कुणी कुणाला पैसे देत नाही, हातांची परतफेड हातांनी करायची. सोसायटीतल्या सावडीच्या पाळ्या एक मावशी ठरवत. माझी कुणी नात्याची नव्हे, सगळ्यांचीच मावशी. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आवाज असा की गच्चीवरून खालचा रिक्षावाला थांबवतील. त्यांनी एखादीचं नाव पाळीत घेतलं म्हणजे ती सोसायटीतली झाली. तोपर्यंत ती नुसती भाडेकरू.

इतकी वर्षं पाळी सासूबाईंच्या नावाने होती. त्या उन्हाळ्यात त्यांना भाच्याच्या लग्नाला गावी जावं लागलं आणि बिबड्या पहिल्यांदा माझ्यावर आल्या. निघताना त्या म्हणाल्या, "पेटीमा धोतरे शेतस, त्याच आथरजो."

ती धोतरं माझ्या सासऱ्यांची होती. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी पेटी उघडली. पिवळी पडलेली, जागोजागी ठिगळं, मध्येच तपकिरी डाग, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाखाली दुसरा एक जुना माणसाचा वास. गेलेल्या माणसाच्या धोतरावर खाण्याची वस्तू वाळवायची? मी पेटी लावून टाकली.

माझ्याकडे याहून चांगलं कापड होतं. सुरतेत कुणाकडे नसतं? नवरा प्रिंटिंगच्या मिलमध्ये कामाला. छापताना बिघडलेला माल तिथे किलोच्या भावात निघतो, त्यातलं एक थान त्याने घरी आणून ठेवलं होतं, पडदे-बिडदे कर म्हणून. मोठमोठी जांभळी फुलं, गुलाबी कडा, हात लावला की सुळसुळणारं. कोरं, घडी न मोडलेलं. मी ते गच्चीभर अंथरलं आणि चार विटा ठेवल्या. बायका वर आल्या तेव्हा एकदोघी म्हणाल्यासुद्धा, "काय व, लगीन शे का आज?" मला फार बरं वाटलं. माझी गच्ची सगळ्यांत स्वच्छ होती.

मावशी कापडाकडे बघून थबकल्या होत्या, हे मला आठवतं. त्यांनी एक कोपरा बोटांत धरून चुरगळला. पण तोवर घाटा झाला होता, पातेलं वर आलं होतं, आणि सगळ्या भराभरा बसल्या. गरम घाटा, ओले हात, खाली ते कापड. ऊन चढेपर्यंत गच्ची भरली. मी सगळ्यांना सरबत दिलं.

संध्याकाळी बिबड्या उलटायला गेलो. पहिली बिबडी सोडवली ती एका शेजारणीने. तिने ती उलटी करून बघितली आणि ओरडली, "बिबडीवर फूल उनं व माय!"

खरंच आलं होतं. पाकळ्यांसकट. मी दुसरी सोडवली, तिसरी सोडवली. प्रत्येकीच्या पोटावर जांभळं फूल, काहींवर अर्धं, काहींवर नुसता देठ. कापडाने पाणी शोषलंच नव्हतं. खालची बाजू शेंबडासारखी बुळबुळीत राहिली होती, त्यात रंग कालवला गेला होता, आणि वास यायला लागला होता घासलेटचा, खळीचा, मिलच्या मागच्या नाल्याचा. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले. एकीच्या पोराने ओली बिबडी तोंडात घातली होती. तिने त्याच्या तोंडात बोट घालून ती बाहेर काढली आणि "थुंक, थुंक" करत त्याला पाठीत धपाटे घातले. पोराची जीभ जांभळी झाली होती.

"हाई बिबडी शे का साडी?" कुणीतरी म्हणालं, आणि दोघीतिघी हसल्या. मग कुणी हसलं नाही. दहा-बारा जणींची पहाटेपासूनची मेहनत होती ती.

मावशी म्हणाल्या, "फेका."

रात्री नवरा घरी आला आणि उलट माझ्यावरच चिडला. "अगं, तो कच्चा छापा. अजून धुलाईत गेलेला नव्हता. पाणी लागलं की सुटणारच. एवढं कळत नाही?" मी म्हणाले, मला कुणी सांगितलं होतं का? हेच वाक्य मी त्यानंतर आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं. नवऱ्याने सांगितलं नाही, मावशींनी कोपरा चुरगळला पण सांगितलं नाही, सासूबाईंनी कारण सांगितलं नाही. एवढ्या लोकांनी मिळून मला अडचणीत आणलं होतं. आज ते आठवलं की बिबड्यांपेक्षा मला माझ्या त्या किरकिऱ्या आवाजाचीच जास्त किळस येते.

बिबड्या गोणीत भरून खाली नेल्या. कोपऱ्यावर गाय उभी होती, तिने गोणीत तोंड घातलं, हुंगलं आणि मान वळवली. सुरतेतली गाय, जी प्लॅस्टिकची पिशवी चघळते, तिला माझी बिबडी नको होती. मग कचऱ्याची गाडी आली. गाडीवाल्याने गोणी उचलताना तोंड फिरवलं आणि विचारलं, "आ शुं छे, बेन?" मी जिना चढायला लागले.

कुणी माझ्याशी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढची पाळी शेजारणीची होती. मी पहाटे उठून, पाट घेऊन तिच्या दाराशी गेले तर दाराला कुलूप. वर गच्चीवरून हसण्याचे आवाज येत होते. जिन्यात उभी राहून मी ते थोडा वेळ ऐकले आणि पाट घेऊन परत आले. त्या उन्हाळ्यात मला कुणी बोलावलं नाही. जिन्यात भेटल्या की "जेवण झालं का" विचारायच्या. इतकं गोड विचारायच्या की माझं पित्त खवळायचं.

पुढच्या वर्षी सासूबाई घरी होत्या, पण त्यांच्या गुडघ्यांनी जिना सोडला होता. त्या म्हणाल्या, मावशीशी बोलते. मी म्हणाले, खबरदार. मला त्या बायकांची गरजच नव्हती. पेटीतली धोतरं काढली, उकळत्या पाण्यातून दोनदा काढली, आणि त्या पाण्यावर जो तवंग आला तो नाक न मुरडता मोरीत ओतला. सुती जुनं कापड पाणी शोषतं, वारा आरपार जाऊ देतं आणि रंगाचं नाव नसतं त्याला. हे मला आता कळलं होतं. एका चुकीने एवढं शिकवलं होतं आणि मी समजत होते की मी बिबड्या शिकले.

चूक लबाड असते. ती स्वतःपुरतं शिकवते आणि गप्प बसते. दुसरी चूक पुढच्या वळणावर उभी आहे, हे ती सांगत नाही.

एकटीला दोनच हात. एका हाताने पीठ सोडायचं, दुसऱ्याने ढवळायचं. पीठ भसकन पडलं आणि पातेल्यात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. मी घाबरून वरून गार पाणी ओतलं. गुठळ्या वरून गुळगुळीत झाल्या, आत तशाच राहिल्या. मला वाटलं, जमलं. थापल्या, वाळवल्या, धोतरावर कशा छान पांढऱ्या दिसत होत्या. डबा भरला, वर कागद घातला, झाकण लावलं. पावसाळ्यात सासूबाईंना बिबडी खावीशी वाटली तेव्हा मी मोठ्या ऐटीत डबा खाली काढला.

झाकण उघडलं आणि आतून ऊबदार, गोडसर, कुजका वास तोंडावर आला. वरच्या बिबड्या बऱ्या होत्या. खालच्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मधे हिरवी, काळी, लव आलेली बुरशी, तिच्यात पांढुरकं काहीतरी हळू हलत होतं. मी हात बाहेर काढला तेव्हा बोटांना ते लागलेलं होतं. मी मोरीत जाऊन ओकले. बाहेर आले तर सासूबाई त्यातला एक तुकडा मोडून आत बघत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "कच्चं ऱ्हायनं पोटमा."

मी विचारलं, गुठळी झाली तर करायचं काय? त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या पातेल्यात गुठळी कधी झालीच नव्हती, कारण एक हात सोडायला आणि एक हात ढवळायला अशा दोन बायका नेहमी असायच्या. "गुठळी पडनी म्हंजे पातेलं गयं," त्या म्हणाल्या. फेकायचं आणि गप्प बसायचं. गावात सगळ्यांचं तेच म्हणणं.

त्या दिवशी मला जो संताप आला, तो मला अजून आवडतो. मला बिबड्यांचा संताप आला, बायकांचा आला, उन्हाचा, ज्वारीचा, या अख्ख्या आंबट प्रकाराचा आला. आणि हे सगळं इतकं किळसवाणं असूनही मला ते जमत नाही, याचा सगळ्यांत जास्त आला. डबा मी स्वतः घासला. राख, सोडा, लिंबू, परत राख. वास गेला नाही. घासता घासता ठरवलं की गुठळी आता मी मुद्दाम करणार.

दिवाळी झाल्यावर मूठ मूठ ज्वारी आंबवायला लागले. लहान पातेलं घ्यायचं, पीठ जाणूनबुजून भसकन टाकायचं आणि बघायचं. गार पाणी घातलं की काय होतं, ते ठाऊक होतं. गरम घातलं तर? आच वाढवली तर? तसंच ठेवलं तर? कधी खाली करपायचं आणि वर कच्चं राहायचं. कधी डिंकासारखं व्हायचं. घरातल्यांनी तो घाटा तेल घालून खाल्ला, मग नुसता खाल्ला, मग मुलगी ताट बघूनच रडायला लागली. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन एकदा नाकाला रुमाल लावून दारात आल्या. "आ शुं गंधाय छे? कोई मरी गयुं छे?" मी म्हणाले, हो, आमचा घाटा. त्यांना कळलं नाही. नवरा म्हणाला, बाजारात मिळतात बिबड्या, किती हव्यात सांग. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शेवटी एकदा सापडलं. म्हणजे सापडलं असंही नाही, कंटाळून झालं. गुठळ्या झाल्या होत्या, मी वैतागून पातेलं खाली उतरवलं आणि लाटण्याने एकेक गुठळी पातेल्याच्या भिंतीशी दाबून चिरडत बसले, नुसत्या रागाने. मग उकळतं पाणी शिंपडलं, वर ओलं फडकं आणि ताट ठेवून अगदी मंद आचेवर सोडून दिलं आणि कपडे वाळत घालायला गेले. परत येऊन उघडलं तर घाटा एकजीव. मी बोटाने चाखला. कुठे कच्चा नाही. सासूबाईंना दिला तर त्या म्हणाल्या, मीठ कमी आहे. एवढं पुरे होतं मला. तीच गोष्ट मी त्यानंतर कितीतरी वेळा केली, वाकडी गेल्यावर सरळ करता येते की नाही हे बघायला. दरवेळी तोच वास. सवय झाली असं मी म्हणणार नाही. सवय झालीच नाही, पण हात मागे यायचा थांबला.

तिसऱ्या उन्हाळ्यात चक्कीवर मावशी भेटल्या. माझ्या हातात आंबलेल्या ज्वारीची पिशवी होती, लपवण्यासारखी गोष्ट नव्हती ती. त्यांनी पिशवीकडे बघितलं.

"एकलीच करस का?"

"हो."

"कव्हय?"

"उद्या."

त्या 'बरं' म्हणाल्या आणि आपलं पीठ घेऊन गेल्या. मला परत तोच जुना राग आला. विचारून काय मिळवलं या बाईने?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गच्चीवर चूल पेटवली, पाण्याला आधण आलं, आणि जिन्यावर बांगड्यांचा आवाज झाला. मावशी पुढे, मागे सगळ्या, हातात पाट. येऊन बसल्या, जशा मधली दोन वर्षं नव्हतीच. मला रडू यायला हवं होतं. मला आधी किळसच आली. आल्या तमाशा बघायला, असं वाटलं. आणि खरोखर, त्यांच्यात एक नवी नवरी होती, नुकतीच शिरपूरकडून आलेली, आणि शेजारीण तिला हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात, जांभळ्या फुलांची गोष्ट सांगत होती. नवरी तोंडावर हात धरून हसली. माझे कान तापले. एक हात पिठाच्या परातीला होता. तो जरा जास्त कलंडला आणि पीठ भसकन पडलं.

सगळ्यांनी ते बघितलं. पातेल्यात गुठळ्या वर यायला लागल्या, एक, दोन, मग मोजता येईनात. शेजारणीची गोष्ट अर्ध्यात थांबली. कुणीतरी सुस्कारा टाकला आणि पाट गोळा करण्याचा आवाज आला. त्या सगळ्यांच्या दृष्टीने पातेलं गेलेलं होतं. आणि मला कळत होतं की हे पातेलं गेलं तर त्या पुन्हा या जिन्याने वर येणार नाहीत. बोलणार नाहीत, भांडणार नाहीत. जिन्यात गोड विचारत राहतील, जेवण झालं का.

मावशी उठल्या. पदर खोचला आणि माझ्या हातातला ढवळायचा दांडा धरला. "सरक, मी देखस."

मी दांडा सोडला नाही. दोघींच्या हातात तो दांडा होता आणि खालून तो आंबट, गरम, ओकारी आणणारा वास दोघींच्या तोंडावर येत होता. मावशींनी तोंड बाजूला केलं. मी केलं नाही.

"ऱ्हाऊ द्या, मावशी," मी म्हणाले. "मी देखसू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे. मी दुसऱ्या हाताने चुलीतली लाकडं ओढून बाजूला काढली आणि दांड्याने पहिली गुठळी पातेल्याच्या भिंतीशी दाबली. मावशींनी दांड्यावरचा हात काढला आणि आपल्या पाटाशी जाऊन बसल्या.